जणूबंदी

आमच्या लेखन मंडळात टाळ्या नाहीत आणि "छान लिहिलंयस हं" सुद्धा नाही. आमच्याकडे फक्त पेनं असतात.

दर मंगळवारी शाळा सुटली की आम्ही काही जण जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जमतो, कारण त्या वेळी तेवढीच एक खोली उघडी मिळते. बरण्यांतले बेडूक आमच्याकडे पाठ करून बसलेले असतात. आम्ही उंच स्टुलांवर चढतो, प्रत्येक जण हातात पेन उभं धरतो आणि एक जण आपलं लिखाण मोठ्यानं वाचतो. ऐकताना ज्याचं लक्ष उडालं, त्यानं त्याच क्षणी पेन टेबलावर आडवं ठेवायचं. कारण सांगायचं नाही, नाक मुरडायचं नाही. पेन खाली, बस. टेबलांना फरशी लावलेली आहे, त्यामुळे प्रत्येक पेन 'टक्' करून वाजतं आणि थेट वाचणाऱ्याच्या काळजात वाजतं.

ही पद्धत भाषेच्या बाईंची. "तोंडावर सगळे छानच म्हणतात," त्या म्हणतात. "मला तुमचा कंटाळा दाखवा."

गेलं वर्षभर मी या मंडळात होते ती माझ्या अक्षरासाठी. माझं अक्षर सुंदर आहे, हे मी नाही म्हणत, अख्खी शाळा म्हणते. त्यामुळे निवडलेलं लिखाण भित्तिपत्रकावर उतरवायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. लिहायचं पंचनामानं आणि उतरवायचं मी. पंचनामा म्हणजे आमच्या पुढच्या वर्गातला एक उंच मुलगा. त्याच्या प्रत्येक कथेत पहिल्याच ओळीत कोणीतरी मरून पडलेलं असतं. भित्तिपत्रकासमोर उभे राहून लोक म्हणायचे, "काय लिहिलंय." मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "आणि अक्षर तुझं ना?"

त्या 'आणि'चा मला भयंकर राग यायचा.

म्हणून यंदा मी ठरवलं की वाचनदिवसाला मीच जाणार. शहराच्या वाचनालयात दर वर्षी एक वाचनदिवस असतो. प्रत्येक शाळेतून एकच जण जातो, मोठ्या सभागृहात, माइकसमोर, आपण स्वतः लिहिलेलं वाचतो. आमच्या शाळेतून कोण, हे पेनं ठरवतात. ज्याच्या लिखाणाला शेवटपर्यंत जास्तीत जास्त पेनं उभी, तो जाणार. आत्तापर्यंत पंचनामाच जात होता. प्रेतासकट.

मी लिहिलं 'माझे बाबा'. आठवडाभर लिहिलं. शब्दकोश उशाशी घेऊन लिहिलं. आणि मंगळवारी स्टुलावर ताठ बसून वाचायला लागले:

"माझे बाबा म्हणजे जणू डेरेदार वृक्ष. त्यांच्या सावलीत आम्ही जणू पाखरं. संकटाच्या काळोखात ते जणू दीपस्तंभ आणि त्यांचं मन जणू अथांग सागर..."

टक्. टक्. टक् टक् टक्.

सागरापर्यंत सगळी पेनं आडवी झाली होती. बाईंचं तर वृक्षालाच गेलं होतं. मी खाली मान घालून उरलेली दोन पानं वाचली, कारण नियम तोही आहे की थांबायचं नाही.

संपल्यावर पंचनामा म्हणाला, "एका परिच्छेदात झाड, दिवा आणि समुद्र. बाबा आहेत की सहल?"

सगळे फिदीफिदी हसले. माझे कान तापले.

बाईंनी विचारलं, "तुझे बाबा करतात काय?"

"गाडी चालवायला शिकवतात. ड्रायव्हिंग स्कूल आहे."

"मग गाडी कुठाय?"

मी पानं चाळली. खरंच, दोन पानांत गाडी नव्हती. स्टिअरिंग नव्हतं, चाक नव्हतं, साधा हॉर्नसुद्धा नव्हता.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "हे लिखाण कोणीही उचलावं आणि आपापल्या बाबांना चढवावं. कोणाच्याच मापाचं नाही. आणि हे 'जणू' किती? प्रत्येक वाक्यात आपलं जणू, जणू, जणू. बाबांकडे नीट बघायच्या आधीच तू दुसरीकडे पळतेस, झाडाकडे नाहीतर समुद्राकडे. आजपासून तुला जणूबंदी."

"कायमची?"

"मी सांगेपर्यंत."

घरी येऊन मी हे सगळं रागारागानं सांगितलं आणि तीच माझी चूक झाली. आमच्या घरात कोणाला काही सांगायची सोय नाही. आई औषधांच्या दुकानात काम करते, दिवसभर डॉक्टरांचं अगम्य अक्षर वाचते आणि त्याचा सगळा सूड घरी आमच्यावर काढते. ती म्हणाली, "बरं झालं. आता 'जणू' म्हणेल त्यानं भांडी घासायची." ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, तिच्याहून वरचढ. तिनं माझं नावच 'जणू' ठेवलं. "जणू, मीठ दे. जणू, दाराची कडी लाव." मग आईनं तिलाच भांड्यांना बसवलं, कारण नियम सगळ्यांना सारखा. बाबा काही बोलले नाहीत. ते तसेही कमीच बोलतात. बोलायचं ते दिवसभर गाडीत बोलून झालेलं असतं.

पण बाईंचा एक शब्द डोक्यातून जाईना. नीट बघायच्या आधीच. म्हणजे काय? बाबांना मी जन्मल्यापासून बघतेय.

शनिवारी मी बाबांना म्हटलं, "मी मागच्या सीटवर बसू? शिकवताना?"

"बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"तुला जमेल?" असं विचारून त्यांनीच मागचं दार उघडलं.

त्या दिवशी शिकायला आल्या होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. दिवसभर लोकांना "घाबरू नका, सैल पडा" म्हणणाऱ्या या बाई स्टिअरिंगला अशा लटकल्या होत्या की सोडलं तर खाली पडतील. समोरून सायकल आली तरी त्या काच खाली करून "सॉरी हं" म्हणायच्या. सायकल बिचारी तिच्या बाजूनं चालली होती.

"डॉक्टर," बाबा म्हणाले, "जबडा."

"काय झालं जबड्याला?"

"आवळलाय. सैल सोडा. जबडा सैल सुटला की हात सुटतात, हात सुटले की गाडी सरळ जाते."

त्यांनी जबडा सोडला. गाडी खरोखर सरळ गेली. मी मागे तोंडावर हात दाबून बसले होते.

बाबांच्या गाडीत दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक बाबांच्या पायाशी. हे मला माहीत होतं, जसं आपल्याला घराचा जिना माहीत असतो, म्हणजे चढायचा माहीत असतो, बघितलेला नसतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा फक्त बाबांचा पाय बघत बसले. दोन सीटच्या मधल्या फटीतून तो बरोबर दिसत होता. वर बाबा खिडकीबाहेर बघत निवांत बोलत होते, "आरशात बघा, आता वळा, घाई कोणालाच नाहीये." आणि खाली त्यांचा पाय ब्रेकच्या वर तरंगत होता, न टेकता, अख्खा तास. पुढे कुत्रं आलं की पाय खाली जायचा. डॉक्टरीणबाईंनी स्वतः ब्रेक लावला की पुन्हा वर यायचा. वरचे बाबा आणि खालचे बाबा अशी दोन वेगळी माणसं होती, आणि खालच्या माणसाला मी आजवर भेटलेच नव्हते.

मग मला नादच लागला. घरातही मी पाय बघायला लागले. टीव्हीवर धावपटू शर्यतीत पडला की बाबांचा पाय चटईवर दाबला जायचा. आई स्टुलावर चढून दिवा बदलायला लागली की पाय. माझं प्रगतिपुस्तक उघडताना पाय. मला हसू आवरेना आणि कोणाला सांगायचीही चोरी, कारण सांगितलं असतं तर बाबा सावध झाले असते.

आणि मग एका रविवारी सकाळी चहाच्या वेळी ताई म्हणाली, "मला नोकरी मिळतेय. पुलांचे आराखडे करणारी कंपनी आहे. पण ती इथे नाही, दुसऱ्या शहरात. रात्रभराचा प्रवास आहे. जाईन म्हणतेय."

आईनं कप खाली ठेवला.

"छान," बाबा म्हणाले. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "चांगली कंपनी आहे."

मी टेबलाखाली बघितलं. बाबांचा पाय जमिनीवर गच्च दाबलेला होता. अंगठा पांढरा पडला होता.

त्या दुपारी मी लिहायला बसले आणि मला शब्दकोश लागलाच नाही. डॉक्टरीणबाईंचा जबडा लिहिला. सायकलला म्हटलेलं सॉरी लिहिलं. तरंगणारा पाय लिहिला. आणि शेवटी लिहिलं: "ताई म्हणाली, जाईन म्हणतेय. बाबा म्हणाले, छान. आणि टेबलाखाली त्यांचा पाय ब्रेकवर गेला. टेबलाला ब्रेक नव्हता."

तिथे थांबले. मला स्वतःलाच रडू आलं आणि त्याचा मला फार अभिमान वाटला.

मंगळवारी वाचलं. जबड्याला खसखस पिकली. मग खोली शांत होत गेली. मी पानावरून डोळे वर करायचं टाळत होते, फक्त कान देऊन होते. टक् नाही. पुढच्या ओळीला टक् नाही. टेबलाच्या ओळीला कोणीतरी नाक ओढलं. वर बघितलं तर सगळी पेनं उभी. पंचनामाचं पेन तर त्यानं मुठीत मेणबत्तीसारखं धरलं होतं आणि तो बरण्यांकडे बघत होता.

"हं," बाई म्हणाल्या. बाईंचं 'हं' म्हणजे काय हे मंडळाबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. "पुढच्या मंगळवारी निवड आहे. हेच आण. पण त्याआधी घरी वाच."

"घरी?"

"कथेतल्या माणसांना विचारावं लागत नाही. पण तू तुझ्या खऱ्या बाबांबद्दल लिहिलंयस, स्वतःच्या नावानं. त्यांनी आधी ऐकायला हवं. ते नको म्हणाले, तर हे सभागृहात जाणार नाही."

मला वाटलं, त्यात काय, बाबा खूश होतील. संध्याकाळी गाडी शिकवायच्या मैदानात शेवटचा शिकाऊ उतरून गेल्यावर मी पुढच्या सीटवर जाऊन बसले, गाडी बंदच होती, आणि वाचलं. बाबा जबड्याला मोठ्यानं हसले. "तरंगणारा पाय" ऐकून त्यांनी खाली वाकून स्वतःच्या पायाकडे बघितलं, कोणीतरी ओळख करून दिल्यासारखं. मग टेबल आलं.

त्यांनी वायपरचा दांडा उगाच वरखाली केला.

"ते टेबलाचं काढ."

"बाबा, तेच तर आहे सगळ्यात..."

"बाकी ठेव. माझ्या पायाची काय ती चेष्टा कर. पण टेबलाचं काढ."

"पण का? खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच." त्यांनी हँडब्रेक तपासला, गाडी बंद असतानाही. "तुझ्या ताईनं अजून होकार कळवलेला नाही. हे तिच्या कानावर गेलं तर ती जाईल का? सांग. तिचा स्वभाव तुला माहीत आहे."

मला माहीत होता. ताई शाळेत असताना आजारी मांजरासाठी सहलीला गेली नव्हती, आणि मांजर शेजाऱ्यांचं होतं.

आता सांगा, काय करायचं? ती ओळ ठेवली तर ताईची नोकरी गेली. काढली तर माझा वाचनदिवस. मी दोन दिवस घरात गप्प होते. आईनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

आधी ओळ काढून बघितली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या पायऱ्यांवर पंचनामाला गाठलं आणि म्हटलं, "ऐक. पेन धर." शेवटाच्या जवळ आल्यावर त्यानं पेन पायरीवर ठेवलं.

"इथे खड्डा आहे," तो म्हणाला. "ताई सांगते, बाबा छान म्हणतात आणि संपतं. मग तो पाय एवढा वेळ कशाला दाखवलास?"

मी त्याला सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. तो चक्क गंभीर झाला.

"कथा कर मग त्याची. बाबा नकोत, दुसरा कोणीतरी कर. पोहायला शिकवणारा कर. मुलगी नको, मुलगा दूर जाणार. कोणाला कळणार नाही."

"तुझ्यासारखं? पहिल्या ओळीत बुडलेला माणूस?"

"माझ्या कथांना हसू नकोस. प्रेत खोटं असतं, पण त्याच्या खिशातलं सामान खरं असतं. ते मी आमच्या काकाच्या खिशातून घेतो."

हे ऐकून मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. आणि त्याच्या काकाबद्दल काळजी.

मी कथा लिहिली. पोहायला शिकवणारे एक मामा, तलावाच्या काठावर शिट्टी घेऊन उभे. त्यांचा मुलगा दूर चाललेला. लिहिलं, वाचून बघितलं आणि माझं मलाच दिसलं: "तलावाचं पाणी जणू निळं रेशीम. मामांचे डोळे जणू ढगाळ आकाश." जणू परत आला होता, सहकुटुंब. मला पत्ताही लागला नव्हता. कारण मी तलावाच्या काठावर कधी उभी राहिलेच नव्हते. शिट्टी वाजवताना माणसाचे गाल कसे होतात, ओल्या फरशीवर तो पाय कसा टाकतो, यातलं मला ओ की ठो ठाऊक नव्हतं. जिथे मला दिसत नव्हतं, तिथे जणू येऊन बसत होता.

ते पान फाडलं नाही मी. पण एक गोष्ट लख्ख कळली. जणू म्हणजे माझ्या डोळ्यांची पाटी: 'इथे बघितलेलं नाही.'

मग मी स्वतःला विचारलं, नव्या 'माझे बाबा'मध्ये न बघितलेलं काय राहिलंय? तिथे तर जणू एकही नव्हता. पण शेवट? शेवटी मला रडू आलं आणि मी लिहायची थांबले होते. रडू आलं म्हणून थांबले होते. पुढे काय झालं, ते मी बघितलंच नव्हतं.

शनिवारी पुन्हा मागच्या सीटवर जाऊन बसले. डॉक्टरीणबाई आता सायकलींना सॉरी म्हणत नव्हत्या, फक्त मान झुकवत होत्या. बाजाराच्या वळणावर समोरून टेम्पो आला. बाबांचा पाय झटकन खाली गेला आणि ब्रेकला टेकला. मी फटीकडे आणखी वाकले. डॉक्टरीणबाईंनी किंचित डावीकडे घेतलं, वेग कमी केला, आणि बाबांनी दाबायच्या आधी पाय उचलला. टेम्पो गेला.

"तुम्ही ब्रेक लावलात का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही. तुम्हीच काढलीत गाडी."

त्या उतरल्यावर मी म्हटलं, "बाबा, तुम्ही टेकवला होता पाय."

"हो. पण दाबला नाही. दाबता कोणालाही येतं ग. मी प्रत्येक वेळी दाबायला लागलो तर कोणी गाडी शिकणारच नाही. उचलायचा कधी, ते शिकायला मला बरीच वर्षं लागली."

माझ्या डोक्यात दिवा पेटला तो तेव्हा, उभ्या गाडीत, मागच्या सीटवर.

"बाबा, त्या रविवारी, चहाच्या वेळी, 'छान' म्हणाल्यावर तुम्ही काय केलंत?"

"काय केलं? चहा प्यायलो."

"नाही प्यायलात. अर्धा कप तसाच होता, मी बघितला. तुम्ही उठलात. कुठे गेलात?"

त्यांना आठवायला वेळ लागला. मला आधी आठवलं. ते आतल्या खोलीत गेले होते. खुर्चीवर चढले होते. कपाटावरची मोठी निळी सुटकेस काढून, फडक्यानं धूळ पुसून, तिचं बिघडलेलं चाक हातानं फिरवत बाहेर आले होते. "हे चाक बदलून आणतो," म्हणाले होते. तेव्हा मी वही शोधत होते. टेबलाखालचं एवढं छान वाक्य मिळाल्यावर सुटकेसकडे कोण बघतंय?

घरी जाऊन मी फक्त शेवट पुढे नेला. "टेबलाला ब्रेक नव्हता" नंतर लिहिलं: "मग त्यांनी पाय उचलला." आणि मग खुर्ची, सुटकेस, फडकं, चाक. उपमा नाही, अश्रू नाहीत. चाकाचा आवाज मात्र लिहिला, कारण तो खरंच कुरकुरत होता.

रात्रीच्या जेवणाआधी मी बाबांना पान दिलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं, चष्मा कपाळावर ठेवून, पान नाकाला लावून. बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "ताईला बोलाव."

"आता?"

"आता. आणि तूच वाच. माझ्यानं होणार नाही."

ताई केस पुसत आली, आई भाजी चिरायची सुरी हातात घेऊनच आली. मी वाचलं. टेबल आलं तेव्हा माझा आवाज फाटला, पण थांबायचं नाही हा नियम अंगात मुरलेला. पाय उचलला, सुटकेस आली, चाक कुरकुरलं, संपलं.

ताई टॉवेल हातात धरून बाबांकडे बघत होती.

"मला वाटलं, तुम्हाला काहीच वाटलं नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं जाते आणि तुम्ही म्हणालात छान. जसं काही मी दुकानातून दूध आणायला चाललेय. आठवडाभर मी याच विचारात आहे की बाबांना मी गेले काय, राहिले काय, सारखंच."

"सारखं कसं असेल?" बाबा म्हणाले.

"मग बोलायचं ना."

"बोललो असतो तर तू गेली नसतीस."

"आणि नाही बोललात म्हणून मी होकार कळवत नव्हते. तुम्ही जा म्हणताय की चालती हो म्हणताय, तेच कळेना."

आई सुरी हलवत म्हणाली, "दोघं सारखे. एक ब्रेकवर, दुसरी क्लचवर. गाडी कुठे जायची मग?" आणि डोळे पुसून, कांद्याचं निमित्त करून, आत गेली. भाजी कोबीची होती, कांदा त्यात नव्हताच. हे मी बघितलं.

ताईनं तिथल्या तिथे, ओल्या केसांनी, कंपनीला होकार पाठवला. पाठवताना तिनं बाबांच्या पायाकडे बघितलं. मीही बघितलं. बाबांनी दोन्ही पाय खुर्चीवर वर घेतले आणि म्हणाले, "आता या घरात पायसुद्धा आपले राहिले नाहीत."

मंगळवारी निवड होती. पंचनामानं आधी वाचलं. या वेळी त्याच्या कथेत कोणी मेलं नव्हतं. एक काका होता, जो खिशातलं सामान रोज रात्री टेबलावर मांडायचा आणि सकाळी पुन्हा भरायचा. मी शेवटपर्यंत पेन खाली ठेवलं नाही, प्रामाणिकपणे सांगते, जीव वर-खाली होत होता तरी नाही. एक पेन वाजलं, ते भलत्याच कोणाचं.

मग मी वाचलं. एकही वाजलं नाही.

बाईंनी सगळ्यांकडे बघितलं, स्वतःच्या हातातल्या पेनाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ठरलं. सभागृहात तू."

मी स्टुलावरून उतरले नाही, उडी मारली. स्टूल पडलं, एक बेडूक बरणीसकट हलला, पंचनामानं बरणी धरली.

"बाई, आता जणूबंदी उठली?"

"तूच ठरव," बाई म्हणाल्या. "तुला आता कळतंय कुठे हवा आणि कुठे नको."

दरवाजातून बाहेर पडताना पंचनामा म्हणाला, "ऐक, माझी कथा भित्तिपत्रकावर लागणारे. उतरवून देशील ना?"

"तूच उतरव," मी म्हटलं. "मला लिहायचंय."

"माझं अक्षर बघितलंयस?"

"लोकांना वाचायचं असेल तर वाचतील."

वाचनदिवस आला तेव्हा ताई जाऊन बरेच दिवस झाले होते. सुटकेसचं नवं चाक तिकडे पोचेपर्यंत टिकलं, असं तिनं मुद्दाम कळवलं होतं. सभागृह खच्चून भरलेलं. माइक माझ्या कपाळाशी येत होता. कोणीतरी धावत येऊन तो खाली केला, तो एकदम पोटाशी आला, लोक हसले, मीही हसले, आणि त्या हसण्यातच भीती कुठे गेली ते कळलं नाही. पहिल्या रांगेत आई आणि बाबा बसले होते. आईनं फोन हातात उंच धरला होता, कारण पलीकडे ताई ऐकत होती. मागे कुठेतरी डॉक्टरीणबाईही होत्या. त्यांना मी आधीच वाचून दाखवलं होतं आणि "माझा जबडा जरूर ठेव" अशी त्यांची परवानगी मिळाली होती.

अनोळखी माणसं हसतात तेव्हा काय होतं, ते मला माहीत नव्हतं. घरचे हसतात ते आपल्याला हसतात. हे लोक माझ्या वाक्याला हसत होते. सायकलला सॉरी म्हटल्यावर डावीकडची बाजू हसली, जबड्याला सगळे. मग टेबल आलं. मी घाई केली नाही. "टेबलाला ब्रेक नव्हता," वाचलं आणि एक श्वास घेतला, आणि तेवढ्या श्वासात शेकडो माणसं माझ्यासाठी थांबली. माझ्यासाठी म्हणजे, पुढच्या वाक्यासाठी. मग मी ते दिलं.

टाळ्या मंडळात नसतात, पण सभागृहात असतात, आणि त्या मला फार आवडल्या. उगाच खोटं कशाला बोलू.

खाली उतरून मी जिन्याशी आले तोच आईनं फोन माझ्या कानाला लावला. ताई ओरडत होती, "शेवट तुटला. पाय उचलला आणि आवाजच गेला. टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या. इथे माझ्या खोलीतल्या दोघी माझ्या डोक्यावर बसल्यात, पुढे काय झालं, पुढे काय झालं म्हणून."

"तुला माहीत आहे पुढे काय झालं. सुटकेस तुझ्याकडेच आहे."

"मला माहीत आहे ग. त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय. पहिल्यापासून वाच."

"इथे? जिन्यात?"

"जिन्यात."

लोक सभागृहातून बाहेर पडत होते. काही जण माझ्या हातातली पानं बघून वेग कमी करत होते. बाबांनी मला भिंतीच्या बाजूला सरकवलं, म्हणजे कोणाचा धक्का लागू नये. एक आजोबा वरच्या पायरीवर थांबले आणि बायकोला म्हणाले, "हीच ती, थांब जरा." मी फोन आईच्या हातात दिला, तोंडासमोर धरायला सांगितला, जबडा सैल सोडला आणि आधीपेक्षा मोठ्या आवाजात पहिली ओळ वाचायला घेतली.